भिंतीपलीकडचं लिहून ठेव

आमच्या घरात लेकराला चालायला शिकवतात, बोलायला शिकवतात आणि ऐकायलाही शिकवतात. आपण जवळ गेल्यावर चार माणसांचा आवाज एकदम खाली आला, तर तो का आला हे ओळखायला. कुणी गोड आवाजात "तुमचं गाव कोणतं?" विचारलं, तर त्याला गावाशी काही देणंघेणं नसतं हे समजायला. आण्णांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, हे मला शिकवलं आणि मी ते माझ्या धाकट्या भावाला शिकवलं. मी त्याच्याहून नऊ वर्षांनी मोठी, त्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. शिकवायला बसले की अर्धवट सोडत नाही. पस्तिशीपर्यंत मला हा माझा गुण वाटत होता.

आम्ही पूर्णेचे. आण्णा रेल्वेत गँगमन होते, आता निवृत्त आहेत. स्टेशनापासून जरा आत, वस्तीत आमचं दोन खोल्यांचं घर आहे. समोरच्या भिंतीवर बुद्ध आणि त्यांच्या शेजारी निळ्या कोटातला तो फोटो, जो आमच्या वस्तीत कॅलेंडर नसलेल्या घरातसुद्धा असतो. त्याच्या खाली आणखी एक चौकट आहे आणि तिच्यात एक अर्ज आहे. आण्णा तरणे असताना त्यांच्या मूळ गावी चहाच्या हॉटेलात आमच्या लोकांचे कप वेगळे, बाहेर खिळ्याला टांगलेले असायचे. आण्णांनी सातवी पास अक्षरात कलेक्टरला अर्ज लिहिला. दोन महिन्यांनी जीपमधून साहेब आला आणि खिळे उपटले. त्या अर्जाची नक्कल ती. आमच्याकडं देव नाहीत, पण सणासुदीला त्या काचेवरची धूळ पुसली जाते.

भावाला पाथरीला एका सरकारी कार्यालयात कारकुनाची जागा मिळाली, तेव्हा आईने वस्तीभर पेढे वाटले आणि मी त्याच्यासोबत खोली शोधायला गेले. पूर्णेहून रेल्वेने मानवत रोड, तिथून जीपने पाथरी. जीपमध्येच मी धडा सुरू केला. आमचं आडनाव गावावरून पडलेलं. त्या गावचे मराठे तेच लावतात, वाणी तेच लावतात, आम्हीही तेच.

"आडनाव सांगायचं आन् गप बसायचं," मी म्हणाले. "आपुन खोटं बोलायचं न्हाई. त्यांनी काय समजायचं ते समजू दे."

"आन् फोटो?" त्याने विचारलं.

"फोटो सुटकेसमधी, कपड्याच्या खाली. सुटकेस उशाशी ठेव, पायाशी ठेवू नको."

त्याने मान हलवली. तेव्हा तो सव्वीस वर्षांचा होता. त्या जीपमध्ये मला स्वतःच्या हुशारीचं किती कौतुक वाटलं होतं ते मला चांगलं आठवतं, आणि आठवलं की अंगावर काटा येतो.

खोली मिळाली. मालकांचं किराणा दुकान होतं. पुढं त्यांचं घर, मधे अंगण, आणि अंगणाच्या टोकाला भावाची एकच खोली. मालकीणबाईंना तो काकू म्हणायचा. त्या त्याला चहा द्यायच्या, होळीला पुरणपोळी द्यायच्या, गणपतीत आरतीला बोलवायच्या. तो जायचा. "टाळ्या वाजवतो अक्का मी, पर तोंड नुसतं हलवतो," असं त्याने मला हसत सांगितलं होतं. मीही हसले होते. रोज संध्याकाळी दार लावून घेतल्यावर त्याचं काय होत असेल, हे मला तेव्हा विचारावंसंही वाटलं नाही.

तीन महिने बरे गेले. मग एका दुपारी शाळेच्या मधल्या सुट्टीत त्याचा फोन आला.

"अक्का, भिंतीपलीकडून बोलायलेत."

"कोण?"

"काकू हायेत, आनखी कोणतरी हाय. कळालंय त्यांना मी कोण हाय ते. आडनाव घेतलं माझं आन् हसले."

खरं सांगायचं तर मला नवल वाटलं नाही. मी डी.एड.ला असताना माझ्यासोबत हेच झालं होतं. घरून आलेल्या लग्नपत्रिकेवर बुद्धाचं चित्र होतं, ते घरमालकिणीनं पाहिलं आणि दुसऱ्या दिवसापासून माझ्या पाळीलाच नळ जायला लागला. जिन्याखाली व्हॉल्व होता. तो फिरवल्याचा किर्रर्र आवाज मला रोज यायचा. मैत्रिणी म्हणायच्या, तुझ्या मनाचे खेळ आहेत. पंधरा दिवसांनी त्यातल्या एकीने मालकिणीला व्हॉल्व फिरवताना डोळ्यांनी पाहिलं. तेव्हापासून कुणी मला मनाचे खेळ म्हटलं की माझं डोकं फिरतं.

म्हणून मी भावाला तसं म्हणाले नाही. मी म्हणाले, "भ्यायचं न्हाई. कान देऊन ऐक. जे बोलतील ते लिहून ठेव. तारीख, वेळ, शब्दाला शब्द. उद्या तकरार करायची पाळी आली तर पुरावा पायजे."

कोणती भिंत, एवढा एकच प्रश्न मी विचारायला हवा होता. तो मी आठ महिने विचारला नाही.

त्याने दोनशे पानी वही आणली. मी फोनवर रोज विचारायचे, "लिहिलंस का?" तो म्हणायचा, "लिहिलं." मी म्हणायचे, "शाब्बास." दुसऱ्या महिन्यात दुसरी वही लागली, मग तिसरी. माणसं इतकं बोलतात तरी काय, असा प्रश्न एखाद्या शहाण्या बाईला पडला असता. मला वाटलं, पुरावा भक्कम होतोय.

बुद्ध पौर्णिमेला तो घरी आला, तेव्हा दारात मी त्याला पटकन ओळखलं नाही. शर्ट खांद्यावरून लोंबत होता आणि दोन्ही कानांत कापूस होता. आईने ताट वाढलं. त्याने ताट उचललं, खालून पाहिलं आणि मग जेवायला बसला.

"कानात कापूस कामून घातलास?" आण्णांनी विचारलं.

"आण्णा, हितंबी यायलेत आवाज."

आण्णांचा घास हातातच राहिला. आमच्या आजोबांनी धर्मांतराच्या वेळी टोपलीभर देव गंगेत सोडले होते. गोदावरीला आमच्याकडं गंगाच म्हणतात. आजोबांच्या आईच्या अंगात यायचं. तिच्या कानात देवी बोलायची म्हणे, आणि ती गावाबाहेर जाऊन बसायची. आण्णांच्या लेखी ते सगळं टोपलीसोबत वाहून गेलं होतं. ते ताटावरून उठले आणि म्हणाले, "कानात बोलनं, अंगात येनं, ह्ये समदं आपुन सोडून दिलंय. आपल्या घरात ह्ये व्हत न्हाई."

शेजारची मावशी म्हणाली, एकदा दर्ग्यावर नेऊन आणा, काही बाहेरचं असेल तर कळेल. आण्णांनी तिला अशा आवाजात हाकललं की ती महिनाभर आमच्या दारावरून गेली नाही. आण्णा बरोबरच होते, दर्ग्यावर नेऊन काही झालं नसतं. पण बाहेरचं नाही म्हणता म्हणता आम्ही आतलंही नाही म्हणून बसलो. डॉक्टर हा शब्द त्या दिवशी घरात कुणी उच्चारला नाही. मीसुद्धा नाही. उलट मी आईला समजावलं, पाथरीची माणसं काय पूर्णेला येत नाहीत का, कुणीतरी मागावर असेल त्याच्या. डी.एड. झालेल्या बाईचं हे बोलणं.

दुपारी तो झोपल्यावर मी त्याची वही उघडली. पहिली पानं सुवाच्य होती, डाव्या बाजूला समास, वर तारीख. "काकू: ह्यांना काय, सरकारचे जावई." हे कुणीही बोलेल, मी स्टाफरूममध्ये ऐकलेलं आहे. "मालक: कुनाचं कोन हाय ते तोंडावर लिव्हलेलं असतंय." हेही. मी मान डोलवत वाचत होते. मग अक्षर बारीक होत गेलं, समास गेला, ओळी एकमेकींवर चढल्या. एका पानावर होतं, "कुकरच्या तीन शिट्ट्या. तिन्हींत आडनाव."

मी स्वयंपाकघरात उभी होते. आईने डाळ लावलेली होती आणि त्याच वेळी कुकरची शिट्टी झाली. देवाशपथ म्हणायची आमच्यात सोय नाही, पण खरं सांगते, त्या एका क्षणात मला त्या शिट्टीत आमचं आडनाव ऐकू आलं. पूर्ण, चारही अक्षरं. मी गॅस बंद केला आणि वही मिटली. ती त्याच्या पिशवीत होती तशी परत घातली. हे मी कुणाला सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी तो पाथरीला परत गेला आणि मी त्याला जाऊ दिलं.

जुलैत, शाळा भरलेली असताना, अनोळखी नंबरवरून फोन आला. "म्याडम, मी देवगाव फाट्यावरून चहावाला बोलायलोय. तुमचा भाऊ सकाळधरनं हितं बसलाय. बस आली की उठतो, दार उघडलं की मागं सरतो. नंबर त्येनंच दिला तुमचा."

तो कार्यालयाच्या कामाला एसटीने निघाला होता आणि फाट्यावर मधेच उतरला होता. मी पोचेपर्यंत तिसरा प्रहर झाला. टपरीच्या मागच्या बाकावर तो बसला होता, शर्टाच्या आत प्लास्टिकच्या पिशवीत वही, तिच्यावर दोन्ही हात. पुढ्यात तीन चहा तसेच साय धरून पडले होते. चहावाल्याने हळू आवाजात सांगितलं, "पेत न्हाईत. गिलास उचलत्यात, खालून बघत्यात आन् ठिवत्यात."

मी त्याच्या शेजारी बसले. तो माझ्याकडं न बघता बोलायला लागला. "कंडक्टर तिकीट देताना आडनाव म्हनला. मग समदे म्हनायले. पार मागच्या शीटापर्यंत. पर मी लिहिलंय अक्का. कोण कोणत्या शीटावर व्हतं, ते नंबर बी लिहिलेत."

तो हे अभिमानाने म्हणाला. घरचा अभ्यास पूर्ण करून आणलेलं लेकरू जसं वही पुढं करतं, तशी त्याने वही माझ्यापुढं केली. मला "शाब्बास" म्हणता आलं नाही.

मग त्याने पहिल्यांदा माझ्या डोळ्यांत पाहिलं. "आडनाव सांगून गप बसायचं, हे फकस्त तुला न् मला म्हाईत व्हतं. मी तर कुनाला सांगितलं न्हाई. मग त्यांना कुनी सांगितलं, अक्का?"

मी जन्मात कधी इतकी भ्याले नाही. तो ओरडला असता, मारायला धावला असता तर चाललं असतं. तो शांतपणे हिशेब मांडत होता आणि त्या हिशेबात शेवटी मीच उरत होते. रस्त्यावरून ट्रक जात होते. तो उठून एखाद्यापुढं गेला तर मला अडवता येणार नाही, एवढंच माझ्या डोक्यात होतं. मी त्याची बाही घट्ट धरून ठेवली. चहावाला रस्त्याच्या बाजूला येऊन उभा राहिला, आमच्या आणि ट्रकांच्या मधे. त्यानेच जीप थांबवली. त्या माणसाने आमचं आडनाव विचारलं नाही आणि त्याचंही मी विचारलं नाही.

त्याच संध्याकाळी परभणीच्या सरकारी दवाखान्यात त्याला भरती केलं. दुसऱ्या दिवशी आण्णांना त्याच्याजवळ बसवून मी त्याचं सामान आणायला पाथरीला गेले. मनात एकच होतं. त्या भिंतीपलीकडं जायचं आणि बोलणाऱ्यांना जाब विचारायचा.

खोलीत सगळं नीट होतं. अंथरुणाची घडी, उशाशी सुटकेस. खाट एका भिंतीपासून ओढून मधोमध आणलेली होती. त्या भिंतीवर, माणसाच्या कानाच्या उंचीला, तेलकट डाग होता. डोकं टेकवून टेकवून पडलेला. ऐकण्यासाठी टेकवलेला कान. मी बाहेर आले आणि खोलीला वळसा घालून मागं गेले.

मागं काहीच नव्हतं. मोकळा प्लॉट, कमरेएवढं गाजरगवत, एक फुटका सिमेंटचा पाइप आणि पाइपाला बांधलेली शेळी. घर नाही, खोली नाही, साधा आडोसा नाही. मी गवतातून चालत भिंतीपाशी गेले, बाहेरून तिला कान लावला आणि कितीतरी वेळ तशीच उभी राहिले. शेळी चरत होती, तेवढाच आवाज. आठ महिने मी ज्यांचं बोलणं लिहायला लावलं, ती माणसं इथं उभी असायची. मला रडू आलं, आणि त्या रडण्यात थोडा दिलासाही होता. म्हणजे हे सगळं खोटं होतं. म्हणजे आजारच होता, आणि आजाराला औषध असतं.

परत आले तर काकू अंगणात चहा घेऊन उभ्या. डोळ्यांना पदर लावून म्हणाल्या, "लय गुनी पोरगं हो. कधी वर मान करून बोललं न्हाई. काय झालं असं येकायेकी?" त्यांच्याविषयी मनात इतके दिवस जे बाळगलं त्याची मला लाज वाटली. मी कप घेतला, चहा प्याले. कप विसळून द्यायची आमची सवय, म्हणून मोरीत पालथा केला.

बुडाला लाल ठिपका होता. नखाला लावतात त्या रंगाचा.

वहीतलं पान मला शब्दाला शब्द आठवलं. "माझ्या कपाला खालून लाल ठिपका आहे. ताटालाही. बाकीच्यांच्या नाही." ते पान अक्षर बिघडल्यानंतरचं होतं. कुकरच्या शिट्ट्यांच्या पुढचं.

"काकू, हा ठिपका?"

काकू जराही गडबडल्या नाहीत. "त्येचं येगळं वळकू यावं म्हनून. सासूबाईचं सोवळं हाय ना आमच्यात. पैल्याच महिन्यात कळालं व्हतं आमाला, त्येच्या हापिसातलं एक मानूस दुकानात येतंय. पर म्याडम, शपत घेऊन सांगते, आमी येका शब्दानं काई बोललो न्हाई त्येला. ना तोंडावर, ना मागं. इचारा तुमी त्येला."

त्या खरं बोलत होत्या, हे मला कळत होतं. कुणी काही बोललं नव्हतं. पुरणपोळी दिली, आरतीला बोलावलं आणि ठिपका लावला. मी कप तिथंच ठेवला, सुटकेस उचलली आणि फाटकाबाहेर आले. भिंतीमागं कुणी नव्हतं म्हणून मी रडले होते, ते मला आता परत घ्यावंसं वाटत होतं.

दवाखान्यातले डॉक्टर तरुण होते, डोळे तांबारलेले, बाहेर बाकावर रांग. तरी त्यांनी मला समोर बसवून घेतलं. "घरमालक खरंच त्रास देत होते का?" त्यांनी विचारलं.

उत्तर द्यायला मी घाबरले. हो म्हणावं तर हे म्हणतील, मग आजार कसला. नाही म्हणावं तर तो ठिपका मीही पुसून टाकला असं होईल. आयुष्यभर मुलांना चूक की बरोबर विचारत आले, आणि मला त्या दोनातलं एक निवडता येईना. शेवटी मी वही टेबलावर ठेवली आणि भिंत, शेळी, कप, सगळं सांगितलं.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "दोन्ही लिहून घेतो," ते म्हणाले. "आजार आहे, आणि ठिपकाही आहे. माझ्याकडं औषध आहे ते आजाराचं."

"मी त्याला ऐकायला सांगितलं, लिहायला सांगितलं. त्यानं झालं का?"

"कुणा एकामुळं होत नाही ताई. थोडं शरीरात असतं, थोडं घराण्यात असतं. आणि रात्रंदिवस स्वतःला लपवून जगायचं, हे ओझं लहान नाही. त्यात एकटा राहणारा माणूस." त्यांनी वही मिटून माझ्याकडं सरकवली. "पण यापुढं त्याला लिहायला सांगू नका."

घराण्यात असतं म्हटल्यावर मला कुकरची शिट्टी आठवली. त्यानंतर कितीतरी महिने मी शाळेत जिना चढताना वर स्टाफरूममध्ये काय चाललंय ते ऐकायचे आणि मग स्वतःलाच विचारायचे, हे ते बोलतायत की मी ऐकतेय? कधी हसण्याचा आवाज यायचा, मी आत गेले की थांबायचा. थांबला हे खरं की मला वाटलं, ते ठरवता यायचं नाही. घाम पुसून मी हजेरीपटावर सही करायचे.

औषधांनी भावाला आधी झोप दिली, मग वजन दिलं, मग हळूहळू माणसात आणलं. आण्णा रोज सकाळी स्वतःच्या हाताने गोळी द्यायचे, घड्याळ बघून, जणू सिग्नल द्यायचाय. डॉक्टरांनी त्याला एक युक्ती शिकवली. काही ऐकू आलं आणि शंका आली, तर विश्वासाच्या माणसाला विचारायचं, तुलाही ऐकू आलं का? त्याला नाही आलं तर ते आजाराचं, सोडून द्यायचं. भावाने विश्वासाचं माणूस म्हणून मला निवडलं. फाट्यावरच्या त्या बाकानंतरही मलाच. "पर अक्का," तो म्हणाला, "तू खरंच सांगायचं. मला बरं वाटावं म्हनून खोटं बोललीस, तर मला काईच कळनार न्हाई मग." मी कबूल केलं.

सुरुवातीला तो दिवसातून दहादा विचारायचा आणि मी दहाही वेळा नाही म्हणायचे. मग पाचदा, मग आठवड्यातून एकदा. मग दोन महिने त्याने काहीच विचारलं नाही.

या वर्षी त्याची बदली परभणीला झाली. पूर्णेहून रोज रेल्वेने येणंजाणं जमलं असतं, पण डब्यातल्या गर्दीचा गलबला त्याला अजून सोसत नाही. म्हणून आम्ही पुन्हा खोली शोधायला निघालो, तो आणि मी. या वेळी मी ठरवलं होतं, विचारायच्या आधी सांगायचं. फोटो सुटकेसमध्ये जाणार नाही.

पहिलं घर चांगलं होतं. वरची खोली, दोन्ही बाजूंना खिडक्या, एकही भिंत दुसऱ्या कुणाला लागून नाही. हे मी आधी गच्चीवर जाऊन पाहून घेतलं. मालक आदबशीर होते. त्यांच्या सुनेने तांब्याभर पाणी आणून दिलं, आम्ही ते प्यालो. मग मी सांगितलं, आम्ही बौद्ध आहोत. मालकांचं हसू गेलं नाही, फक्त जागच्या जागी थांबलं. "आमाला काई न्हाई हो म्याडम," ते म्हणाले, "पर आमची म्हातारी जुन्या इचाराची. इचारून सांगतो. फोन करतो तुमाला."

आम्ही उठलो. चपला घालत होतो तेव्हा आतून, पडद्यामागून, बाईचा दबका आवाज आला. "तांब्या आत आनू नका. भाईरच ठिवा."

भाऊ चप्पल घालता घालता थांबला. मग माझ्यासोबत रस्त्यावर आला. मी बाजूने त्याच्याकडं बघत होते. कपाळावर घाम होता, ओठ पांढरे पडले होते आणि तो मनात काहीतरी पुन्हा पुन्हा म्हणून बघत होता. कोपऱ्यावर तो उभा राहिला.

"अक्का, आतून कोनी काई म्हनलं का?"

नाही म्हणणं किती सोपं होतं. त्याला त्या तांब्यापासून वाचवता आलं असतं. पण मग तो पुढच्या वेळी डॉक्टरांना सांगेल, परत यायलेत, आणि डॉक्टर गोळी वाढवतील. त्याचे डोळे फाट्यावर होते तसेच माझ्या डोळ्यांत रोवलेले होते.

"म्हनलं," मी म्हणाले. "तांब्या आत आनू नका, भाईरच ठिवा."

"तुलाबी ऐकू आलं?"

"आलं."

त्याने डोळे मिटले आणि केवढा तरी श्वास सोडला. खांदे खाली आले, चेहऱ्यावर रंग आला, आणि मग तो हसला. दोन वर्षांत मी त्याला इतकं मोकळं हसताना पाहिलं नव्हतं. "मग ठीक हाय," तो म्हणाला. "मला वाटलं, परत सुरू झालं."

त्याने माझ्या हातातला पत्त्यांचा कागद घेतला आणि पुढं चालायला लागला. मी त्याच्या मागून निघाले. दुसरी खोली तिथून दोन गल्ल्या सोडून होती.